मेणावरचा अंगठा

१

काचेला भोक पाडायला दोन माणसं लागतात. एक गिरमिट फिरवणारं आणि एक अंगठा ठेवणारं. आमच्या घरी गिरमिट शामलाच्या बाबांचं आणि अंगठा माझा.

लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा मला काच ठाऊक होती ती बांगडीची. यांचा धंदा काचेचा. सीताबर्डीवरच्या दुकानांची कपाटं, आरसे, सिनेमाच्या तिकीट-खिडकीची काच, तिच्यातली ती बोलायची गोल भोकं, सगळं हे करत. कामाला माणूस टिकत नव्हता. म्हणून एक दिवस मलाच म्हणाले, "हात धू अन् इकडं ये." तेव्हापासून मी अंगठा ठेवू लागले.

काम असं असतं. काच आडवी ठेवायची. भोक हवं तिथं वरून ओल्या मातीचं आळं करायचं, तुळशीला करतो तसंच, पण वाटीएवढं. आळ्यात पाणी आणि कुरुंदाची पूड. गिरमिटाला पितळेची नळी लावायची आणि ती आळ्यात हळूहळू फिरवायची. नळीला धार नसते. कापते ती पूड, नळी नुसती तिला गोल हिंडवते. आणि काचेच्या खालून, बरोबर त्याच जागी, मेणाचा गोळा लावून त्याच्यावर अंगठा दाबून धरायचा. अंगठा नसला तर खालून पापुद्रा उडतो, आणि पापुद्रा उडाला की तडा कुठवर जाईल ते सांगता येत नाही.

हे विचारायचे, "ठेवला?"

मी म्हणायची, "ठेवला."

मग गिरमिट सुरू. काच फिरत्या जात्यासारखी घरघरते. अंगठ्याला आधी नुसती थरथर कळते, मग हळूहळू मेणातून ऊब येते. ऊब आली म्हणजे काच अर्धी कापली गेली. घरघरीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी दुसऱ्या हाताचं नख काचेवर वाजवायची. टिक्. हे थांबायचे. नळी अलगद वर काढायचे आणि म्हणायचे, "सोड." तेव्हा अंगठा काढायचा, त्याच्याआधी नाही. मग काच उलटी करून उरलेलं अर्धं दुसऱ्या बाजूनं. दोन्ही अर्धी मिळाली की मधली काचेची टिकली सुटून हातात येते. शामला लहानपणी त्या टिकल्यांनी घर-घर खेळायची.

एकदा काय झालं, मी नख वाजवलं, हे थांबले, आणि तेवढ्यात दारात कोणी गिऱ्हाईक आलं. हे बोलत बोलत त्याच्यासंगं कोपऱ्यावर चहा प्यायला गेले. परत आले तर मी तशीच काचेखाली हात घालून बसलेली.

"अवं, तू अजून धरूनच?"

"तुम्ही सोड कुठं म्हटलं?"

"अन् मी तिकडंच मेलो असतो त? धरूनच बसली असती काय जन्मभर?"

"बसली असती."

हसून हसून यांच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढं कित्येक दिवस येईल त्या माणसाला ही गोष्ट सांगत होते.

२

हे गेले ते एका हिवाळ्यात. छातीत कळ आली, आणि डॉक्टर येईस्तोवर सगळं संपलं होतं.

आमचं घर नंदनवनात. तेव्हा तिथं लेआउट नवीन होतं. एक घर, मग रिकामा प्लॉट, मग नुसता पाया खणून सोडलेला, त्याच्यात बाभळी उगवलेल्या. शेजार म्हणजे रिकाम्या प्लॉटच्या पलीकडच्या शोभाताई. दुपारी सायकलची घंटी वाजली तरी कोण आलं म्हणून दाराशी जावंसं वाटायचं. बहुतेक वेळा कोणी नसायचं. पुढच्या खोलीत यांची हत्यारं, मागच्या खोलीत मी. स्वयंपाक करताना ताटं दोनच निघायची हातून. एक परत ठेवायचं.

शामला पारशिवनीला दिलेली. ती आली की एकच धोशा.

"माय, तू माह्यासंगं चाल. इथं एकटी बसून काय करून राहिली?"

"काम करून राहिली."

"कोणतं काम? बाबा नाही आता. तुह्या एकटीच्यानं काच होते काय?"

"होते."

ती रागानं म्हणाली, "बरं. एक काम एकटीनं पुरं करून दाखव. काच फुटली नाही त मी पुन्हा तोंड उघडणार नाही. फुटली त सामान बांधायचं."

मी म्हटलं, "ठरलं."

घर माझं होतं, हत्यारं यांची होती, आणि पारशिवनीला जाऊन जावयाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसायचं माझ्या मनात नव्हतं. पण काम येईना. अंगठा ठेवणाऱ्या बाईकडे गिरमिटाचं काम कोण देणार?

ते आलं ऐन नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत. भैयाजी म्हणून कापडाचे व्यापारी होते, यांचे जुने गिऱ्हाईक. बर्डीवर नवं दुकान काढलं होतं, आणि दुकानात शोभेची माशांची टाकी ठेवायची होती. लोखंडी अँगलची, जाड काचेची, सांध्यांत लांबी भरून तयार. ठेल्यावर घालून घेऊनच आले. भोकं पाडून घ्यायची तेवढी राहिली होती.

"दो भोकं पाहिजे, प्रयागबाई. पाठीमागच्या काचेले. एक वर, एक त्याच्या बाजूले. अंगठा जाईल एवढं. पाणी काठापर्यंत आलं की एकातून आपोआप खाली उतरन. खाली दुसरी पेटी, तिच्यात रेती अन् कोळसा. तिथून साफ होऊन पंपानं दुसऱ्यातून परत वर. मुंबईले पाहून आलो मी. पाणी बदलायचं कामच नाही."

"मासे पण उतरून जातीन ना खाली?"

"जाळी लावू ना बाई! तुम्ही भोकं पाडा. मारोतराव असते त मी विचारलंच नसतं. तुमच्यानं होइन ना?"

"होइन," मी म्हटलं.

३

टाकी मी शोभाताईंच्या मदतीनं आडवी केली, पाठीची काच वर येईल अशी. शोभाताई कमरेला पदर खोचून म्हणाल्या, "माशांले एवढा मोठा बंगला? आमचे दोन दीर झोपले असते वं याच्यात."

टाकीचं उघडं तोंड भिंतीकडे केलं. दारातून झळ येते, ती आत शिरून काच तापायला नको. वरून सगळ्या टाकीवर ओलं बारदान पांघरलं. उन्हाळ्यात हे असंच करायचे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती आपली आपणच तडकते. बारदानाला मधे भोक ठेवायचं, आळं मावेल एवढं. बाकी आत काय आहे ते दिसत नाही. दिसायला असतंही काय? रिकामी टाकी.

भिंत आणि टाकी यांच्यामधल्या फटीतून हात आत घालून मी मेणाचा गोळा खालून लावला. चांगला दाबून लावला. अंगठा नाही, तर निदान मेण तरी घट्ट असावं. शोभाताई घरी गेल्या. जेवण झालं. खिडकीच्या वाळ्याच्या ताटीवर मी पाणी मारलं. त्या वासानं जरा बरं वाटलं.

भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी गिरमिट आळ्यात धरलं, नळी काचेला टेकवली, आणि तोंडातून निघून गेलं,

"ठेवला?"

इतकी वर्षं नळी टेकली की तोच शब्द ऐकलेला, तो माझ्याच तोंडून निघाला. माझं मलाच हसू आलं. मग रडू आलं. मग मी पदरानं डोळे पुसले आणि गिरमिट फिरवायला लागले.

अंगठा नसलेल्या काचेचा आवाज वेगळा असतो. बारीक, किरकिरा, दात आंबवणारा. तसाच आवाज सुरू झाला. चार फेरे झाले असतील नसतील, आवाज बसला. जाड झाला. कोणी वाजत्या थाळीवर हात ठेवावा तसा.

मी फिरवत राहिले. मनात म्हटलं, बारदानानं जास्त पाणी धरलं असेल. ओल्या कपड्यानं आवाज दबतो. आणि काम असं छान चाललं होतं की थांबावंसं वाटेना. नळी सरळ उतरत होती, हाताला कुठं अडखळ नाही.

आणि मग खालून वाजलं. टिक्.

माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. नळी अलगद वर काढली. आळ्यातलं दुधी पाणी बोटानं बाजूला करून चरा बघितला. बरोबर अर्धा.

काच निवताना टिकटिकते. मला ठाऊक आहे. पण निवताना ती कितीदा तरी टिकटिकते, आणि कधीही टिकटिकते. ही एकदाच वाजली होती.

मी गिरमिट खाली ठेवलं, चपला घातल्या, आणि उन्हातच शोभाताईंकडे गेले.

"काहून वं, अशी काय पांढरीफटक?"

"ऊन लागलं."

त्यांनी कैरीचं पन्हं दिलं. मी संध्याकाळपर्यंत तिथंच बसले, त्यांच्या सुनेच्या कागाळ्या ऐकत. एवढं मन लावून मी त्या कागाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या.

४

सकाळी उजेड चांगला झाल्यावर शोभाताईंना घेऊन टाकी उलटी केली. आता तोंड माझ्याकडे, आणि उरलेलं अर्धं आतून पाडायचं. खाली बारदानाची गादी असते, तेव्हा अंगठा लागत नाही. शोभाताई गेल्यावर मी आत हात घालून मेणाचा गोळा सोडवला.

त्याच्यावर अंगठा उमटलेला होता.

उमटणारच. मीच तर दाबून लावला होता. मी गोळा चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि कामाला लागले. भोक पुरं झालं. गोल, साफ, काठाला एक टवका नाही. टिकली सुटून तळहातावर आली तेव्हा मला वाटलं, हे असते तर पाठीवर थाप मारली असती.

चहा ठेवला, आणि तो गोळा पुन्हा हातात घेतला.

माझ्या उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे. शामला पोटात होती तेव्हा आरशाच्या काचेनं कापला होता. तेव्हापासून मी जिथं अंगठा दाबते तिथं मधोमध एक रेघ उमटते. पिठाच्या उंड्यावर, पुरणावर, मेणावर, सगळीकडे. हे चिडवायचे, "प्रयागचा शिक्का."

गोळ्यावर रेघ नव्हती.

मी गोळा दाराशी उजेडात नेला. ठसा खोल होता, कोणी फार वेळ धरून ठेवल्यासारखा. आणि त्याच्यावर आपल्या बोटांवर असतात तशा बारीक रेषा नव्हत्या. जाड जाड सुरकुत्या होत्या. दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं कशी होतात, तशा.

यांचा म्हणावा, तर यांनी जन्मात अंगठा ठेवला नाही. आणि यांचा अंगठा रुंद होता. हा लांबट होता.

मी स्वतःला समजावलं. हात ओला होता माझा. ओल्या हातानं मेण दाबलं की असंच उमटत असेल. व्रणाची रेघ मेण पसरलं त्याच्यात बुजली असेल. मी तिथंच दुसरा गोळा घेतला, हात पाण्यात बुडवला, आणि दाबून बघितला.

रेघ उमटली.

मग मी दोन्ही गोळे एकात एक मळून टाकले. दुसऱ्या भोकाला मेण लागणारच होतं.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. आदल्या दुपारी मी "ठेवला?" विचारलं होतं. पण "सोड" म्हटलंच नव्हतं.

५

शामला दुपारच्या बसनं यायची होती, टाकी बघायला. भैयाजींचा ठेला दुसऱ्या दिवशी. दुसरं भोक त्या दिवशीच व्हायला हवं होतं.

टाकी पुन्हा पहिल्यासारखी केली. पाठ वर, तोंड भिंतीकडे, वर ओलं बारदान. क्षणभर वाटलं तोंड आपल्याकडे करावं. पण झळ जोराची होती, वाळ्याची ताटी पाणी मारलं की घडीत सुकत होती, आणि एक भोक पडलेली काच जास्त नाजूक असते. फटीतून हात घालून मेण लावताना मी डोळे मिटून घेतले. हाताला मेण लागलं, काच लागली. आणखी काही लागलं नाही.

ठरवलं होतं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पदराचा बोळा दातांत धरला आणि गिरमिट फिरवलं.

आवाज किरकिरा निघाला. मी वाट बघितली. तो बसेना. किरकिराच राहिला, आणि वाढत चालला. नळी थडथडायला लागली. आळ्याच्या पाण्यात बारीक लाटा उठत होत्या, आणि त्या पहिल्या भोकाच्या दिशेनं काचेत एक केसासारखी रेघ चमकल्यासारखी वाटली. मी थांबले. बघितलं. रेघ नव्हती, मातीचा ओघळ होता. पण पुन्हा तसं फिरवलं असतं तर ती रेघ यायला वेळ लागला नसता.

मी गिरमिटावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. बाहेर भणाण ऊन. शोभाताईंचं दार बंद. काच फुटली की सामान बांधायचं. यांची हत्यारं भंगारात, घराला कुलूप.

मी पदर दातांतून काढला.

या खेपेला ते तोंडातून निसटलं नाही. मी ते विचारलं.

"ठेवला का?"

मी नळी फिरवली, आणि आवाज बसला. पहिल्याच फेऱ्याला बसला.

तेव्हा मला भीती वाटायला पाहिजे होती. खरं सांगायचं तर, वाटली नाही. हातातलं ओझं कोणीतरी दुसऱ्या टोकाला धरलं की कसं वाटतं, तसं वाटलं. गिरमिट फिरवता फिरवता मी बोलायला लागले. घरघरीत कोणाला ऐकू जातंय? यांच्या छातीत कळ आली तेव्हा मी पाणी आणायला आत गेले होते ते सांगितलं. ताटं दोन निघतात ते सांगितलं. शोभाताईंची सून, भैयाजींचे मासे, पावसाळ्यात गळणारा कौलाचा कोपरा, सगळं सांगितलं. हिवाळ्यापासून मी कोणाशी एवढं बोलले नव्हते. आणि काच खालून कोणी नीट धरून ऐकावं तशी स्थिर होती.

टिक्.

मी थांबले. नळी वर काढली. आणि आठवणीनं, स्पष्ट आवाजात म्हटलं, "सोड."

खोली शांत झाली. बारदानातून पाण्याचा थेंब फरशीवर पडला.

मग घरघर सुरू झाली.

गिरमिट माझ्या मांडीवर होतं. नळीवरून दुधी पाणी माझ्या लुगड्यावर ठिबकत होतं. आणि घरघर चालू होती. हळू, सरावाची, मधेच दम घेणारी. खालून.

आळ्यातल्या पाण्यावर बारीक गोल लाटा उठत होत्या.

६

पुढं जे झालं ते मी केलं असं मला म्हणता येत नाही. काच थरथरते आहे आणि पलीकडून कोणी फिरवतं आहे, एवढं माझ्या हाताला पुरलं. माझा उजवा अंगठा आळ्याच्या पाण्यात गेला आणि चऱ्याच्या मधोमध जाऊन बसला. आधी अंगठा गेला. नंतर मला कळलं की तो गेला.

थरथर ओळखीची होती. संसार निघाला होता तिच्यावर. पाणी गार होतं, आणि त्या गार पाण्याच्या बुडाशी काचेतून हळूहळू ऊब यायला लागली.

मला अंगठा काढता आला असता. उठून दार उघडून रस्त्यावर जाता आलं असतं. पण काढला असता तर पापुद्रा उडाला असता, टाकी गेली असती, घर गेलं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज सांगते, ते कारण खरं होतं, पण एकटं नव्हतं. सहा महिन्यांत माझ्या हाताला पहिल्यांदा पलीकडून काहीतरी लागत होतं.

ऊब वाढली. आणखी वाढली. मी डाव्या हाताचं नख काचेवर वाजवलं.

घरघर थांबली.

लगेच थांबली. यांच्यासारखीच.

आता त्यानं "सोड" म्हणायचं होतं.

मी वाट बघत बसले. वाळ्याची ताटी सुकली. दारातलं ऊन सरकत सरकत माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. पाय मुंग्यांनी भरले. काचेच्या खाली कोणी हलत नव्हतं, पण कोणी गेलंही नव्हतं. ते अंगठ्याला कळतं. रिकामी काच आणि धरलेली काच यातला फरक मला कोणी शिकवायला नको. तिकडूनही दाब होता. माझ्या अंगठ्याच्या बरोबर समोर, माझ्याएवढाच.

कधीतरी दाराची कडी वाजली.

"माय? अवं माय, आवाज देऊन राहिली मी केव्हाची. काय करून राहिली अशी?"

शामला होती. पिशवी हातात, तोंड उन्हानं लाल.

"थांब, येऊ नोको," मी म्हटलं.

"काय थांबू? हात पाह्य कसा झाला तुहा! काळानिळा!" तिनं पिशवी टाकली, माझं मनगट धरलं, आणि मी नाही नाही म्हणत असताना हात वर ओढला.

मी डोळे घट्ट मिटले. काच फुटली नाही. बारीकसा आवाज आला, टिकली सुटते तेव्हा येतो तसा.

डोळे उघडले. चरा पूर्ण गोल कापला गेला होता. भोक पडलं होतं. टिकली त्याच्यात सुटी होती, मला तिच्या भोवतीची काळी फट दिसत होती. आणि आळ्यातलं पाणी जागच्या जागी होतं. भोक पडलेल्या काचेवरचं पाणी, एक थेंब उतरत नव्हता. टिकली खाली पडत नव्हती.

मग टिकली हळूच खाली गेली. पडली नाही. पातेल्यात काय आहे ते बघताना आपण झाकण कसं अलगद काढतो, तशी गेली. आणि ती बाजूला झाल्यावर त्या भोकात, बुचासारखं गच्च बसलेलं, पांढरं, सुरकुत्यांचं टोक मला दिसलं. वर आलं, माझा अंगठा होता तिथपर्यंत. शोधल्यासारखं जरा इकडं, जरा तिकडं झालं. आणि आत गेलं.

तेव्हा आळ्यातलं पाणी गटगट आवाज करत उतरलं.

"झालं की वं भोक!" शामला म्हणाली. ती माझ्या मनगटाकडे बघत होती. "मी उगाच घाबरली."

तिनं बारदान ओढून काढलं. टाकी रिकामी होती. मेणाचा गोळा नव्हता. टिकली नव्हती. तिनं टाकीखाली बघितलं, भिंतीशी बघितलं, म्हणाली, "गेली कुठंतरी घरंगळत." मी टाकीच्या आत हात घालून तळाची काच चाचपली. आत्ता माझ्या डोळ्यांदेखत वाटीभर पाणी आत उतरलं होतं.

तळ कोरडा होता. तापलेला आणि कोरडा.

७

भैयाजी खूष झाले. टाकी त्यांच्या दुकानात कितीतरी वर्षं होती, पाणी एकातून जायचं आणि दुसऱ्यातून यायचं. लोक बघायला थांबायचे म्हणे. मी कधी गेले नाही.

शामला शब्दाची पक्की. चहा पिता पिता म्हणाली, "जिंकली तू. राहा इथंच. मी काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, "येते तुह्यासंगं."

"आं? एवढं करून?"

"हाव. बांध सामान."

तिला वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. तिनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. हत्यारं मी बरोबर घेतली नाहीत. घर पुढं विकलं.

पारशिवनीच्या घराला तेव्हा लाकडी फळ्यांच्या खिडक्या होत्या. काच नव्हती, आणि मी लावू दिली नाही. पेले स्टीलचे. आरसा लागला तर शामलाच्या खोलीत, तिकडं मी जात नव्हते. ओट्यावर बसून तांदूळ निवडले. नातवंडं झाली, त्यांना न्हाऊमाखू घातलं, घर भरलेलं होतं. वाटलं, संपलं ते.

आता जावई शेतात, शामला पण तिकडंच, पोरं शाळेत आणि कॉलेजात. नातीनं हट्ट करून मागच्या खोलीला काचेची खिडकी करून घेतली. उजेड पाहिजे म्हणाली अभ्यासाला. पलीकडे आमची परसबाग, तुराट्यांचा ढीग, एक लिंबाचं झाड. दुपारी घरात मी एकटी असते. शेजार लांब. बोलायला कोणी नाही.

एका दुपारी काच पुसता पुसता माझा अंगठा तिच्यावर राहिला.

मला कोणी "सोड" म्हटलेलं नव्हतं. मी हात काढला नव्हता, तो शामलानं ओढला होता. आणि तिकडं जे होतं ते धरूनच बसलेलं असणार. मी बसले असते, तसं.

आधी काही दिवस नुसती काच होती. मग थरथर आली. माशीच्या पंखाएवढी. बाहेर ऊन, लिंबाची पानं स्थिर, आणि अंगठ्याखाली थरथर. मी तिला गोष्टी सांगते. शामलाच्या, जावयाच्या, पोरांच्या. यांच्या तर पुन्हा पुन्हा. दुपार कशी जाते कळत नाही.

नात विचारते, "आजी, तू एकटी कंटाळत नाही?"

मी म्हणते, "नाही वं."

या आठवड्यात ऊब यायला लागली आहे. रोज थोडी जास्त. काच अर्ध्याच्या पुढं गेली असेल. ऊब आली की दुसऱ्या हाताचं नख वाजवायचं असतं, मग पलीकडचं थांबतं. मला ते चांगलं ठाऊक आहे. वाजवलं की लगेच थांबतं.

मी वाजवत नाही.